ॲम्प अमरावतीत, आवाज अकोल्यात

अकोला
२१ मार्च २०२५

किसनमामा,
जयभीम.

माझं सगळं बदललं ते काल, गुरुवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ एवढी पक्की सांगतो, कारण त्या क्षणी मी मोबाइलमध्ये वेळच पाहत होतो. प्रॅक्टिसला उशीर झाला होता, आता केशरबाई काय बोलतील याची तयारी करत हॉलकडे निघालो होतो, हातात कचोऱ्यांची पुडी. आतून गिटार ऐकू आली आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. मामा, ती माझ्या ॲम्पची गिटार होती.

माझ्या ॲम्पसारखी नाही म्हणत. माझ्याच ॲम्पची. त्याचा आवाज खालच्या तारेवर घोगरा होतो, वर चढताना काचेची कड उडावी तसा जरासा फुटतो, आणि तार सोडली तरी लगेच मरत नाही, एक श्वास टाकून मरतो. दोन वर्षं तो आवाज मी पाठीवर घेऊन उभा राहिलोय. दुसरा कोणाचा असता तर समजला असता.

पण ॲम्प तर तुमच्याकडे आहे ना? बार्शीटाकळीच्या कार्यक्रमात जनरेटरवर तो गुरगुरायला लागला, म्हणून तीन मार्चला मीच त्याला एस.टी.त खिडकीशी बसवून अमरावतीला, इतवाऱ्यातल्या तुमच्या दुकानात आणून ठेवला. कंडक्टर म्हणाला पण, "पाहुण्याचं तिकीट काढा." मग अकोल्यात वाजत होतं ते काय?

आत गेलो. पिंटूच्या हातात गिटार. पिंटू म्हणजे आमच्या गायन पार्टीचा कीबोर्डवाला. नागपूरला साउंडचा कोर्स करून आलाय, बोलतो कमी आणि हसतो त्याहून कमी. त्याच्यापुढे जमिनीवर वहीएवढी काळी पेटी, तिला छोटा पडदा, खाली पायानं दाबायची बटणं. प्रोसेसर म्हणतात त्याला. ना काचेचे व्हॉल्व्ह, ना स्पीकर; वायर पेटीतून निघते आणि सरळ मिक्सरला जाते. शेजारी आमची गाणारी, प्रियदर्शनी. भिंती अजून तापलेल्या, आणि हॉलमधला कूलर बंद! अकोल्यात, मार्चमध्ये, कूलर बंद करून कोण बसतं? दोघं घामानं भिजलेले. मला पाहताच तिनं मांडीवरची वही मिटली.

"काहून बे थांबला? वाजव ना," मी म्हटलं.

"झालं माझं," पिंटू.

"हा आवाज कुठून आणला?"

"पेटीत आहे."

"पेटीत कुठून आला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मामा, मी प्रश्न त्याला विचारला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं.  ती माझ्याशी अठरा दिवसांपासून बोललेली नाही. फोन उचलत नाही. केशरबाई तिची आत्या, पार्टीही त्यांचीच, त्या म्हणतात, "सर्दी आहे, घसा बसला." अठरा दिवसांची सर्दी कोणाले होते?

तुम्हाला माहीत आहे मी काय सोडून आलोय. घरी सांगितलं की प्राध्यापकाशी भांडण झालं. भांडण झालंच होतं, पण तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं ते गॅदरिंगला हिचं भीमगीत ऐकून. सगळ्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा तुम्ही तेवढे म्हणालात, "घे, हा वाजव," आणि तुमच्या हातानं बांधलेला ॲम्प दिलात. फेब्रुवारीत मी तिला विचारलंय. उत्तर आलेलं नाही. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर तिच्या डाव्या हाताला मी उभा राहतो. ती जागा गेली तर माझ्याकडे झेरॉक्सच्या दुकानातला स्टूल तेवढा उरतो.

तुमच्याकडे कोण आलं होतं? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. उत्तर कागदावरच द्या, आणि सरळ द्या.

तुमचा
प्रीतम

—

अमरावती
२५ मार्च

चि. प्रीतम यास किसनमामाचा जयभीम.

पत्र भेटलं. वाचायच्या आधीच समजलं की पोट्टं तापलं आहे. कागद दोन जागी पेनानं फाटला.

माया दुकानात कोणी आलं नाही. गिऱ्हाईक येते, भोंगे घेऊन, मिक्सर घेऊन. बाकी कोणी नाही. जगात माणसासारखे माणसं असतात तसे आवाजासारखे आवाज असतात. तू भैताडासारखा विचार करत बसू नको.

ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर गेला आहे. नवा गुंडाळावा लागते. तार चांगली भेटून नाही राहिली. जयंतीपर्यंत होईन असं वाटत नाही. यंदा पिंटूच्या पेटीवर वाजवून पाय. एक साल वाजवलं तर बोटं झिजत नाहीत.

एक इचारतो. आवाजाचं बटण तू कितीवर ठेवतं? सातवर ना? तीनवर ठेवून पाह्यलं कधी?

आणि त्या पोट्टीले उसाच्या रसात बर्फ घालून पाजत जाऊ नको. घशाले वाईट.

आईले चांदूर रेल्वेले दोन ओळी लिहीत जाय. ती मले इचारते, मी काय सांगू?

किसन

—

अकोला
२९ मार्च

मामा,

जयभीम. तुम्हाला व्हॉल्व्ह बदलता येतात, खोटं बोलता येत नाही.

तुम्ही प्रियदर्शनीला कधी पाहिलेलं नाही. मी तुम्हाला तिचा फोटोही दाखवलेला नाही. मग उसाचा रस कुठून आला? बर्फ टाकून रस मी तिला पाजतो हे जगात दोघांनाच माहीत आहे, मला आणि तिला. मी तुम्हाला सांगितलेलं नाही. उरलं कोण?

तुमचं पत्र वाचल्यापासून मी फक्त पाहतोय. बोलत नाही, पाहतो. परवा पिंटू चहाला गेला तेव्हा पेटीजवळ बसलो. बटण दाबलं की पडद्यावर आवाजाचं नाव येतं. जगातल्या मोठमोठ्या ॲम्पांची नावं आहेत तिच्यात, जे ॲम्प मी फक्त चित्रात पाहिलेत. आणि त्यांच्यामध्ये एक नाव, इंग्रजी अक्षरात: किसनमामा. पुढे आकडा, सात. मामा, तुमचं नाव पिंटूच्या पेटीत काय करून राहिलं?

आता हेही वाचा. ती पिंटूशी चिठ्ठ्यांवर बोलते. बोलत नाही, लिहिते. तो वाचतो, मान हलवतो, चिठ्ठी फाडून खिशात घालतो. माझ्याशी तेवढंही नाही. एक चिठ्ठी हॉलच्या झाडूखाली सापडली. तुकडे जोडले. तिचंच अक्षर: "रविवारी अमरावती. त्याला सांगू नकोस." तो 'त्याला' म्हणजे मी, दुसरा कोण? कूलर अजून बंदच असतो. मी आत गेलो की दोघं गप्प. काल मी केशरबाईंना विचारलं, "हे काय चालू आहे?" तर म्हणाल्या, "चालू काहीच नाही बाप्पा, कूलर पण बंद आहे." आणि हसल्या. सगळी पार्टी हसली.

मला समजलं ते असं. दोघांचं जमलंय. मी स्टेजवर नको, पण माझा आवाज हवा, म्हणून आवाज चोरला आणि चोरायला तुमचं दुकान वापरलं. तुम्हाला काय सांगितलं तिनं? तिची लाज वाटत नाही मला, तुमची वाटते. उत्तर चार दिवसांत नाही आलं तर मी येतो आणि ॲम्प घेऊन जातो, जसा असेल तसा.

प्रीतम

—

अमरावती
१ एप्रिल

चि. प्रीतम,
जयभीम.

बरं. आले होते. नऊ मार्च, रविवार. तो पोट्टा पेटी घेऊन, ती त्याच्या संग. मी तिले शब्द देला होता की तुले सांगणार नाही. का आली थे तिलेच इचार. माया तोंडून निघणार नाही. पण आले नव्हते म्हटलं थे खोटं होतं, आणि खोटं या वयात पचत नाही. दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

काय झालं थे सांगतो, तेवढं माया हाताखाली झालं म्हणून. त्यानं पेटीची वायर ॲम्पमधी घातली, पुढे माइक ठेवला. म्हणे मामा, आता पेटी याले प्रश्न इचारते. मंग पेटीनं शिट्ट्या मारल्या, तेलात मोहरी टाकावी तसं तडतड केलं, म्हशीसारखी घरघर केली. ॲम्पनं जसं उत्तर देलं तसं तिनं लिहून घेतलं. पाच मिनिटं लागले. हा ॲम्प बांधाले मले एक पावसाळा लागला होता.

मले वरचे सूर ऐकू येत नाहीत, तुले माहीत आहे. मी तळहातानं ऐकतो. दोन्ही वाजवून दाखवले त्यानं, आधी ॲम्प, मंग पेटी. डोळे मिटून हात ठेवला. ॲम्प गरम, पेटी थंडी. कानाले जो थोडा आला तो सारखाच. मले राग यायले पाह्यजे होता. नाही आला. तुले समजणार नाही. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. याचे व्हॉल्व्ह आता भंगारात सुद्धा भेटत नाहीत, माया जवळ एकच जोडी उरली. थे गेले की तो लाकडाचा पेटारा. तुया मामीचा, मैनाबाईचा, एक फोटो आहे घरी. त्यात ती सोता नाही, थे मले समजते. कोणी फाडतो काय म्हणून?

नाव मी ठेवलं. पोट्ट्यानं इचारलं याचं नाव काय लिहू. म्हटलं माया लिही.

अजून एक. ट्रान्सफॉर्मर गेला नव्हता. एक कॅपॅसिटर फुगला होता, बारा मार्चलाच बदलला. ॲम्प तयार आहे. जयंती होईपर्यंत ठेवा, असं तिनं सांगितलं म्हणून ठेवला.

शिव्या देच्या तर मले दे. तिले दम नको देऊ.

किसन

—

अकोला
४ एप्रिल

मामा,

तीन आठवडे तयार ठेवून मला "तार भेटून नाही राहिली" लिहिलंत. उद्या शनिवारी पहिल्या गाडीनं येतो. चहा टाकू नका.

प्रीतम

—

अमरावती
६ एप्रिल

चि. प्रीतम,
जयभीम.

काल तू आला, पाणी प्याला नाही, वीस किलोचा ॲम्प एकट्यानं उचलून नेला. जाता जाता जे बोलला थे माया डाव्या कानात बोलला. डावा कान पंधरा वर्षांपासून बंद आहे. तवा तू काय म्हणाला थे मले माहीत नाही, आणि तू पण सांगू नको. तिथंच राहू दे.

पण तू गेल्यावर मी बसलो आणि ठरवलं, एक गोष्ट डोक्यात आहे, थे आता सांगतोच, कारण ही गोष्ट माई सोताची आहे, तिची नाही.

तू म्हणतं, सातच्या खाली हा ॲम्प मेल्यासारखा वाजतो, सातवर जिवंत होतो. बरोबर आहे. तू त्याले व्हॉल्व्हची ऊब म्हणतं, लोकाइले सांगत फिरतं. लेका, मी हा बांधला तवा माया कानाचे पडदे गेले होते. वीस वर्षं लग्नातल्या भोंग्याखाली उभा राह्यलो होतो. मले जवा चांगला ऐकू आला तवा मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, जमला. मले चांगला ऐकू आला म्हणजे दुसऱ्याच्या कानाले किती झाला असंन? तो सातवर उघडतो कारण मी बहिरा होतो. दोन वर्षं तू माया बहिरेपणा मोठ्यानं वाजवून राह्यला, आणि मले वाटलं पोट्ट्यानं नाव काढलं.

थे ती दुकानात आली त्या दिवशी समजलं मले. मी ॲम्प सातवर केला तवा त्या पोट्टीनं काय केलं थे मी पाह्यलं.

तिले इचार. आणि इचारून झालं की गप राय. उत्तराले वेळ लागंन.

किसन

—

अकोला
९ एप्रिल

प्रीतम,
जयभीम.

हे पत्र मी तुला चार वेळा लिहिलं आणि चार वेळा ठेवून दिलं. परवा जे झालं त्यानंतर ठेवण्यासारखं काही राहिलं नाही.

बार्शीटाकळीच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला माझा आवाज अर्ध्यात गेला, ते तुझ्या लक्षात नाही. तुझा ॲम्प गुरगुरत होता आणि तू त्याच्याशी भांडत होतास. दुसऱ्या दिवशी आत्या मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. नळी घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर गाठी आहेत, तांदळाच्या कणीएवढ्या. मोठ्यानं ओरडणाऱ्यांना होतात म्हणाले, शाळेतल्या शिक्षकांना, भाजी विकणाऱ्यांना. मला विचारलं, "तुम्ही काय करता?" आत्या म्हणाली, "गाते." ते म्हणाले, "गाण्यानं नाही होत. कशावर तरी ओरडून गात असतील."

पाच आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो. म्हणून चिठ्ठ्या. कूलर बंद, कारण कूलर चालू असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, आणि पहिल्या आठवड्यात मी दोनदा विसरले होते. तुझा फोन मी उचलून काय करू? धरून ठेवू?

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस ते तूच सांग. डॉक्टरशी भांडला असतास. मग माझी शपथ घेऊन ॲम्प चारवर ठेवला असतास, आणि दुसऱ्या गाण्याला सातवर नेला असतास. मी हे रागानं लिहीत नाही. मागच्या वर्षी पातूरला मी तुला हात करून सांगितलं होतं, कमी कर. तू हसलास आणि हात वर केलास. तुला वाटलं मी दाद देतेय.

पिंटूला मी विचारलं की याचा आवाज तसाच ठेवून बारीक करता येईल का. तो म्हणाला, ॲम्पवर नाही, ॲम्प बारीक केला की आवाज बदलतो; पेटीवर येईल. म्हणून अमरावतीला गेलो. चौदाला ती पेटी तुझ्याच पायाशी असायची होती. मामांनी ॲम्प सातवर करून दाखवला तेव्हा मी न ठरवता गळ्यावर हात ठेवला. ते रडले. तुला लिहिलं नसेल त्यांनी. रसाचं मीच त्यांना लिहून दिलं होतं, ते विचारत होते की प्रीतम तुझ्याशी नीट वागतो का. मी लिहिलं, रस पाजतो.

पिंटूच्या मनात काय आहे ते पिंटूला विचार. माझ्या मनात त्याच्याबद्दल तसं काही नाही. पण खरं लिहायचं म्हटलं तर हेही लिहिते: तो वाजवत होता त्या दिवसांत मला मनातल्या मनात गाताना भीती वाटली नाही.

सात तारखेला डॉक्टरांनी पहिल्यांदा गायला सांगितलं होतं. अर्धा तास, हलकं. त्याच दिवशी तू ॲम्प घेऊन आलास. मी दोन ओळी गायले आणि थांबले, तर तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पिंटूले चिठ्ठी लिहून गाणार काय?" केशरआत्या तुला मारायला उठली होती. मीच तिचा पदर धरला.

शनिवारी प्रॅक्टिस आहे. यायचं तर ये. पेटीवर, तीनवर. ॲम्प आणणार असशील तर येऊ नकोस. तू फेब्रुवारीत जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मी कागदावर देणार नाही. ते बोलून द्यायचंय, म्हणून आधी आवाज यायला हवा.

प्रियदर्शनी

—

अकोला
१३ एप्रिल

किसनमामा,
जयभीम.

तिचं पत्र आलं. पहिल्या चार वेळा वाचलं तेव्हा त्यात मला खोटच सापडत होती. तांदळाची कणी, म्हणे. मग मी केशरबाईंकडे गेलो आणि डॉक्टरांचा कागद दाखवा म्हणालो. हो, म्हणालो, मी असाच आहे. त्यांनी कपाटातून फाईल काढून माझ्यापुढे आपटली. "पाय. तारीख पाय. शिक्का पाय. माया अंगठ्याचा ठसा पायजे असंन तर शाई आण." आत तिच्या गळ्याचा रंगीत फोटो होता. दोन गुलाबी पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक पांढरा ठिपका. मी इंजिनिअरिंग सोडलेलं असलं तरी घासून कशाला काय होतं ते मला दिसतं.

शुक्रवारी दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उलटे कागद काढले.

काल, शनिवारी, हॉलवर गेलो. रिकाम्या हातानं. ॲम्प खोलीवर चादरीखाली ठेवला.  केशरबाईंनी तेवढं विचारलं, "कचोऱ्या नाही आणल्या?" पिंटूनं गिटार माझ्या हातात दिली, खाली वाकून पेटी माझ्या पायापुढे सरकवली. पडद्यावर तुमचं नाव.

वाजवलं. मामा, खरं सांगतो, मला तो वाईट निघायला हवा होता. मी आठ दिवस मनात वाक्यं तयार केली होती, प्लास्टिकचा आहे, मेलेला आहे, फोटो आहे. पाठीमागून काही ढकलत नव्हतं, पँट हलत नव्हती, पायाखालची फळी गप्प होती. हाताला काहीच येत नव्हतं. पण कानाला माझाच आवाज. घोगरा होणारा, फुटणारा, श्वास टाकून मरणारा. आणि एवढा हळू, की मला माझ्या नखाचा तारेवरचा आवाज ऐकू येत होता. मला त्याचा राग येईना, याचाच राग आला.

मग ती गायली. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा न थांबता. आवाज अजून पातळ आहे, कडेला थोडी वाळू आहे. तिसऱ्या ओळीच्या आधी ती एक छोटा श्वास घेते, मामा. नाकानं, अगदी पटकन. दोन वर्षं मी तिच्यापासून चार फुटांवर उभा आहे आणि तो श्वास मी काल पहिल्यांदा ऐकला.

कडव्यानंतर माझी जागा आली. माझा पाय उचलला गेला आणि बटणावर पडला. पेटीला एक बटण आहे, दाबलं की आवाज चढतो. सोलो वाजवताना लागतं म्हणून पिंटूनं ठेवलेलं. मी ठरवलं नव्हतं. आवाज चढला, ती परत गायला आली, आणि मी पाहिलं: तिच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. ती थांबली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. सवयीनं चढली. मी झटकन बटण सोडलं. "सॉरी," म्हणालो.

पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा कडवं. आणि पुन्हा माझा पाय गेला. पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा मला माहीत होतं, मामा, आणि तरी गेला. एक क्षण मला तो चढलेला आवाज तिच्या गळ्यापेक्षा जास्त हवा होता. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्हाला लिहितोय. तुमच्या उजव्या कानात.

पिंटूनं काल पहिल्यांदाच तोंड उघडलं. "भाऊ, ॲम्प तू घरी ठेवून आला. सात इथं घेऊन आला."

मागचा मी असतो तर त्याची कॉलर धरली असती. हात उठलाही होता. मग मी गळ्यातला पट्टा काढला आणि गिटार त्याच्या पुढे धरली.

"चौदाले तू वाजव."

"आणि तू?"

"समोर बसतो. पब्लिकमध्ये."

"नाटक नको करू रे," केशरबाई म्हणाल्या, पण नेहमीसारखं नाही.

पिंटूनं गिटार घेतली. नाही म्हणाला नाही, एकदाही नाही. ते मी पाहून ठेवलंय. संशय गेला असं समजू नका. तो कुठं जातो? त्यानं तिच्या डाव्या हाताला उभं राहून पट्टा आखूड केला, माझ्या जागेवर. प्रियदर्शनी माझ्याकडे पाहत होती. ओठ हलले तिचे. डॉक्टरांनी दिलेला अर्धा तास गाण्यासाठी आहे, माझ्यावर खर्च करायला नाही, म्हणून मी मान हलवून नको म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. तिला काही विचारलं नाही.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. ती गात होती, तीनवर, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता. तेवढ्यात खाली चौकात जयंतीचे डीजेचे बॉक्स उतरले आणि पोरांनी चेक करायला आवाज सोडला. हॉलच्या काचा थरथरल्या. तिचा हात गळ्याकडे गेला आणि ती त्या आवाजावर चढायला लागली. पिंटू खाली वाकून पेटीत काहीतरी शोधत होता. केशरबाई मांडीवरच्या वहीत मान घालून. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी उठलो, बाहेर गेलो आणि तो आवाज आत जाऊ नये म्हणून दार बाहेरून लावून घेतलं.

तुमचा
प्रीतम